फोटोखालचं नाव

दिवाळीला मी अजूनही दाजींच्या पाया पडतो. वाकताना मनात काय चाललेलं असतं ते माझं मला ठाऊक. दाजी डोक्यावर हात ठेवतात, "सुखी राहा" म्हणतात, आणि सरळ होताना मी त्यांच्या बैठकीतल्या भिंतीकडं बघायचं टाळतो. त्या भिंतीवर दोन फोटो लावलेत. दोन्ही मी काढलेत. दोन्हींच्या खाली नाव दाजींचं. पंचवीस-तीस वर्षं झाली. लोक म्हणतात, वयाबरोबर राग निवतो. कुणाचा निवत असेल. माझा निवलेला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. बारामतीत सरकारी नोकरी, पांढरी पँट, पांढरे बूट आणि गळ्यात पुण्याहून आणलेला, हातभर लेन्सचा कॅमेरा. आमची वस्ती काटेवाडीच्या पुढं. आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकली, ऊस लावला, गाया बांधल्या आणि "माणसात आलो" असं स्वतःच सांगायला लागले. मी मात्र माणसात आलो नव्हतो. आठवडाभर बारामतीत एका दुकानात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायच्या, म्हणजे आतली तांब्याची तार उपसून नवी गुंडाळायची, आणि सुट्टी मिळाली की गळ घेऊन भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर पळायचं. तात्यांच्या लेखी मी वाया गेलेला. ते सांगायचे, जावयाला लोक उठून खुर्ची देतात. जावयाची सही चालते. जावयाचं नाव लग्नपत्रिकेत छापतात. धार काढता काढता एकदा त्यांनी मला विचारलं, "तुझं नाव कुठं छापून आलंय का रं कधी?" मी बादली उचलून निघून गेलो. पण ते बोलणं आत रुतून बसलं. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ही सगळी हकिकत नव्वदच्या दशकातली, कॅमेऱ्यात रोल घालायच्या काळातली. दाजींना पाखरांचे फोटो काढायचं वेड लागलं होतं. हिवाळ्यात फुगवट्यावर देशोदेशीची पाखरं उतरतात हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. पण त्यांना पाणी कळत नव्हतं. गाळ कुठं गुडघाभर आणि कुठं कंबरभर, वारा सुटला की मासा कुठल्या काठाला सरकतो आणि त्याच्या मागं पाखरं कुठं जातात, हे त्यांना कोण सांगणार? मग मला न्यायचे. तंबू मी ठोकायचा, लाकडं मी आणायची, मासे मी धरायचे, कालवण मी करायचं, आणि दाजींनी जेवून हात पुसत म्हणायचं, "मेव्हणे, तिखट जरा जास्तच झालं." मी म्हणायचो, "व्हय दाजी, चुकलंच." बहिणीच्या नवऱ्यापुढं आमच्याकडं दुसरं काही बोलत नाहीत.

पहिल्या वर्षी कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी उतरले होते. गुलाबी, उंच पायांचे, शे-दीडशे तरी असतील. मधे पंचवीस पावलं नुसता चिखल. दाजींनी बुटांकडं बघितलं, चिखलाकडं बघितलं, आणि कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. "तुम्ही पुढं व्हा, मी इथून बघतो." मी सकाळभर त्या थंडगार गाळात पोटावर पडून राहिलो. सरकत सरकत जवळ गेलो. थवा उडाला त्या क्षणी बटण दाबलं. परत आलो तेव्हा अंगावर शिंतोडा पडला नाही अशी जागा नव्हती, आणि दाजी तंबूत चहा पीत होते.

महिन्याभरानं तो फोटो पेपरच्या रविवारच्या पुरवणीत आला. मोठा, अर्धं पान. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'छाया :' आणि पुढं दाजींचं नाव, मधल्या नावासकट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी मी बारामतीला गेलो. बैठकीत चार पाहुणे बसले होते आणि दाजी हात पसरून सांगत होते, गाळात कसं पडून राहिलो, थंडीनं दात कसे वाजत होते, पण हाललो नाही. मला बघून थांबतील असं वाटलं. कसले थांबतात! माझ्याकडंच बोट केलं. "विचारा आमच्या मेव्हण्यांना, हे होते ना तिथं!" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. काय करणार?

आत जाऊन अक्काला म्हणालो, "ह्यो फोटो माझा हाय." ती पोहे परतत होती. वर न बघता म्हणाली, "मला काय कळत न्हाय व्हय? ह्येंच्या बुटाला डागसुदीक न्हवता." मग हळू आवाजात म्हणाली, "पण तोंड उघडू नकोस. तू बोलून निघून जाशील, मला हितंच ऱ्हायाचं हाय." मी नंतर दाजींना एकटं गाठून विचारलं, जमेल तितक्या गोड आवाजात. ते हसले. "मेव्हणे, कॅमेरा कुणाचा? रोल कुणाचा? मग फोटो कुणाचा?"

तिकडं तात्यांनी ते पान फ्रेम करून आणलं आणि जावयाला भेट दिलं. स्वतः जाऊन भिंतीला खिळा ठोकला. त्या खिळ्याचा प्रत्येक घाव मला लागत होता. त्या दिवशी मी ठरवलं. एक, तात्यांना माझं नाव फोटोखाली छापलेलं दाखवायचं. दोन, दाजींना असं खाली बघायला लावायचं की पुन्हा कॅमेऱ्याला हात लावताना आठवण झाली पाहिजे. खरं सांगतो, दुसऱ्या गोष्टीचा विचार करताना जास्त गोड वाटायचं. तार गुंडाळताना मी एकेक वेढ्याला दाजींची एकेक फजिती मनात रंगवायचो, आणि मालक म्हणायचा, "आज लई खूश दिसतोयस."

बारामतीतला एक म्हातारा स्टुडिओवाला धंदा मुलाकडं देऊन मोकळा होत होता. त्याचा जुना कॅमेरा आणि दोनशे मिलिमीटरची लेन्स मी घेतली. लेन्सला आत बुरशीचा एक ठिपका होता, पण चालायची. कॅमेऱ्याची तिवई मी दुकानात लोखंडी पाइप कापून, वेल्डिंग मारून केली. दाजींच्या प्रश्नाला आता माझ्याकडं उत्तर होतं: कॅमेरा माझा, रोल माझा. डिसेंबरात त्यांचा निरोप आला, तीन दिवस जाऊ. मी म्हणालो, "तुमी म्हणाल तसं, दाजी." इतक्या लगेच हो म्हणालो की अक्कानं माझ्याकडं डोळे बारीक करून बघितलं.

डिकसळच्या बाजूला तंबू ठोकला. मला काय हवंय ते मी आधीच हेरून ठेवलं होतं. तिथं पाण्यात एक वाळलेली बाभळ उभी आहे, धरणात बुडालेल्या रानातली. तिच्यावर सकाळी एक शिकारी पक्षी येऊन बसायचा. पुस्तकात त्याला कैकर म्हणतात, मासेमार नुसतं मासेघार म्हणतात. वरून पाण्यात पाय पुढं करून पडतो आणि मासा घेऊनच उठतो. तो उठतानाचा फोटो मला पाहिजे होता. पण तो कुठं पडेल हे कोण सांगणार? कॅमेरेवाला नाही सांगू शकत. गळ टाकणारा सांगू शकतो. आम्ही काय करतो, एखाद्या जागी मासा बसवायचा असेल तर तिथं दोन-तीन दिवस चारा टाकतो, शेंगदाण्याची पेंड आणि शिळी भाकरी मळून. चिलापी मासा त्या जागेला सवकतो. ऊन आलं की वर येऊन तोंडं हालवत बसतो. मासा जिथं मी म्हणेन तिथं, म्हणजे घारही जिथं मी म्हणेन तिथं. पहिल्या दिवशीच मी बाभळीपासून वीस पावलांवर पेंड टाकायला सुरुवात केली.

दाजींनी विचारलं, "काय करताय?"

"संध्याकाळच्या कालवणाची सोय," मी म्हणालो.

आणि दाजींना कुठं बसवलं? अर्धा मैल लांब, जिथं मासेमार जाळी झटकतात आणि मासे साफ करून घाण टाकतात तिथं. "दाजी, सगळी पाखरं हितंच येत्यात खायला." येतात की. कावळे येतात, बगळे येतात. तोंड अगदी उगवतीकडं, म्हणजे सूर्य नेमका लेन्समध्ये. दाजी म्हणाले, "उजेड समोरून येतोय." मी म्हणालो, "मोठं फोटोवालं आसंच काढत्यात म्हणं." हे ऐकल्यावर ते बसले. पहिला दिवस बसले, दुसरा दिवस बसले. जेवायला आले की अंगाला वास यायचा. मी त्यांना माशाचा मधला तुकडा वाढायचो आणि म्हणायचो, "आजून दोन घ्या, दमलाय तुमी." दोन दिवसांत त्यांनी तीन रोल संपवले. बगळे आणि कावळे, समोरच्या उजेडात काळे ठिक्कर. मला आतून इतकं हसू येत होतं की मी दोनदा लाकडं आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

तिसऱ्या दिवशी दाजी बाहेर पडले, मग मी पाण्यात उतरलो. मांडीपर्यंत पाणी, पाय बधिर. तिवई गाळात रोवली, तिच्यावर फाटकं पोतं टाकलं आणि शेजारी काठी उभी करून गळ पाण्यात सोडला. कारण तिथली पाखरं तंबूवाल्याला भितात, मासे धरणाऱ्याला भीत नाहीत. त्याला रोज बघतात. घार आली, बाभळीवर बसली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि दुर्लक्ष केलं. रोलमध्ये मोजून चार फोटो शिल्लक होते. ऊन पाण्यावर आलं, चिलापी वर आली. घार उडाली, वर जाऊन जागच्या जागी पंख मारत थांबली. आणि पडली! पाणी फुटलं, ती पुरती बुडाली, मग पंख आपटत उठली आणि तिच्या पायात वीतभर चिलापी तडफडत होती. मी चारच्या चार फोटो मारले. तिसरा बसला हे मला तेव्हाच कळलं. काही गोष्टी बोटालाच कळतात. मी पाण्यात उभा राहून मोठ्यानं ओरडलो, "आता बोला की, दाजी!"

त्याच वेळी गळाला मासा लागला. काठी वाकली, पडायला आली. एका हातानं काठी धरली, मासा ओढून काठावर टाकला, आणि ओल्या हातांनी रोल गुंडाळून बाहेर काढला. तो डबीत घातला, झाकण दाबलं, डबी शर्टाच्या खिशात घातली आणि वरून खिशाची गुंडी लावली.

या डब्यांचं सांगायला पाहिजे. रोल ज्या काळ्या प्लास्टिकच्या डबीत येतो ती आम्ही गळवाले फेकत नसू. पाणी शिरत नाही, झाकण घट्ट बसतं. स्टुडिओतून मागून आणायची आणि त्यांत गळ ठेवायचे, शिशाच्या गोळ्या ठेवायच्या, गांडुळं ठेवायची. गांडुळांच्या डबीच्या झाकणाला मी टाचणीनं एक भोक पाडायचो, त्यांना हवा लागावी म्हणून. भोक म्हणजे गांडूळ, साधं झाकण म्हणजे बाकी काहीही. वर्षानुवर्षांची सवय.

दुपारी दाजी जेवून तंबूत आडवे झाले आणि घोरायला लागले. त्यांची पिशवी पायाशी. मी त्यातून त्यांच्या संपलेल्या रोलच्या तीन डब्या उचलल्या आणि माझ्या पिशवीतल्या भोकाच्या तीन डब्या तिथं ठेवल्या. वजन तसंच, रंग तोच. दाजींना टाचणीचं भोक कुठं दिसायला बसलंय! मग काठावर जाऊन त्यांचे तीनही रोल उघडले आणि फिल्म उन्हात फर्रकन ओढून काढली. हातभर, दोन हात, तीन हात. वर्षभराचा राग बोटांतून निघत होता. "कॅमेरा कुणाचा? रोल कुणाचा?" मी पुटपुटत होतो, आणि ती भेंडोळी कोपरापर्यंत हात घालून गाळात पुरली. तंबूत परत आलो तेव्हा दाजी उठले होते. त्यांना मी स्वतः चहा करून दिला, आलं घालून.

दुसऱ्या दिवशी दुकानातून तासाभराची सुट्टी काढून मी स्टुडिओत गेलो. म्हाताऱ्याच्या मुलानं डबी घेतली, उघडली आणि माझ्याकडं बघितलं. "हे काय धुवायचं?" तळहातावर कापूस आणि कापसात शिशाच्या गोळ्या. गोळ्या वाजून मासा बुजू नये म्हणून मीच त्यात कापूस कोंबायचो.

घरी जाऊन पिशवी उलटी केली, अंथरूण झटकलं, गोठ्यातली कुट्टीसुद्धा चाळली. रोल नाही. मग वाटलं, दाजींच्या रोलबरोबर हातात माझाही गेला असेल आणि मीच तो पुरला असेल. तसाच भिगवणला गेलो. दिवसभर त्या गाळात खड्डे खणले. एक मासेमार बाई जाळं सोडवत बसली होती, म्हणाली, "काय हारवलं रं, अंगठी का?" मी म्हणालो, "व्हय, अंगठी." शेवटी भेंडोळी सापडली. मोजली. तीन रिळं. तीनही दाजींची, दाजी घेतात त्या भारी जातीची. माझं नव्हतं. मी तिथंच चिखलात बसलो आणि स्वतःला शिव्या घातल्या.

त्या रविवारी अक्का वस्तीवर आली. आली ती पदर तोंडाला लावून हसतच आली. मला गोठ्यामागं ओढत म्हणाली, "आरं, पुण्यात लई तमाशा झाला!" दोघं पुण्याला गेले होते, दाजी तिथल्या मोठ्या लॅबमध्ये रोल धुवायला द्यायचे. काउंटरवर दहा माणसं. दाजींनी ऐटीत तीन डब्या ठेवल्या. तिथल्या मुलीनं पहिली उघडली आणि किंचाळून मागं सरली. आत मेलेली, सडलेली गांडुळं. दुसरीतही तेच. लोकांनी नाकाला रुमाल लावले. कुणीतरी म्हणालं, साहेब, मासळीबाजार पलीकडं आहे. "ह्येंचं तोंड आसं झालतं, आसं!" अक्का सांगत होती आणि मी पोट धरून हसत होतो. रोल हरवल्याचं दुःखसुद्धा विसरलो. वर्षभर ज्याची वाट बघितली तो हाच क्षण होता.

"पर तिसऱ्या डबीत रोल निघाला बग," अक्का म्हणाली. "आन् त्यात काय फोटू! घार मासा घिऊन उठतीया. ती लॅबची मानसं बगतच ऱ्हायली. ह्येंनी लगीच पेपरात धाडला."

माझं हसू तोंडातच राहिलं. त्या सकाळी काठी सावरताना दोन डब्या उघड्या होत्या, गांडुळं ओतून रिकामी केलेली आणि गोळ्यांची. रोल एकीत गेला आणि तिच्यावर भोकाचं झाकण बसलं. गोळ्यांवर साधं. मी सवयीनं साधी डबी खिशात घातली. आणि दुपारी, दाजींचा सत्यानाश करायला निघालो तेव्हा, माझा रोल माझ्या हातानं त्यांच्या पिशवीत ठेवला. कुणी चोरला नाही. मी दिला.

अक्कानं माझा चेहरा बघितला आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. "गांडुळं तू भरलीस व्हय?" ती कट्ट्यावर बसली. मग म्हणाली, "आता ती घार माझी हाय म्हणशील, तर ती ह्येंच्या पिशवीत कशी गेली ते बी सांगावं लागंल. आन् ह्येंचं तीन रोल कुठं गेलं ते बी." मी म्हणालो, "सांगतो की. घाबरतो काय?" अक्का म्हणाली, "तू न्हाय घाबरत. मी घाबरती."

फोटो छापून आला. या वेळी पुरवणीचं अख्खं पहिलं पान. छाया : दाजी, मधल्या नावासकट. मी बारामतीला गेलो, अक्काचं काही ऐकायचं नाही, आज भांडायचंच, असं ठरवून. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. बैठक भरली होती. दाजी सांगत होते, घार डावीकडून आली, मी श्वास रोखला. घार उजवीकडून आली होती! मी तोंड उघडलं, तेवढ्यात अक्का चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिच्या हातातले कप वाजत होते. मी तोंड मिटलं. दाजी म्हणाले, "विचारा आमच्या मेव्हण्यांना." मी म्हणालो, "व्हय. दाजी तितंच हुतं."

जाताना मी ओसरीत चपला घालत होतो. दाजी बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "माझ्या डब्यांत गांडुळं कुणी भरली, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. तुम्हीही काही विचारू नका." मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. तेव्हा त्या ओसरीत मला जे करावंसं वाटलं ते इथं लिहीत नाही, अक्का अजून हयात आहे.

दाजी एवढ्यावर थांबले असते तर मी गिळलं असतं. पण संक्रांतीनंतरच्या रविवारी दाजी आणि अक्का वस्तीवर आले. दाजींच्या काखेत कागदात गुंडाळलेली फ्रेम होती. तात्या बाजेवर बसले होते. दाजींनी फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली. "मामा, तुमच्यासाठी."

तात्यांनी कागद सोडला. आत तात्याच होते. गोठ्यात, गाईच्या मानेवर हात टाकून उभे, तोंड तिच्या कानाजवळ, काहीतरी सांगतायत तिला, आणि हसतायत. तेव्हा मला आठवलं. लेन्स आणली त्या दिवशी ती लांबून कशी दिसते ते बघायला मी विहिरीच्या काठावरून हा फोटो मारला होता. त्याच रोलचा पहिला फोटो. रोल कुणाचा हे दाजींना पहिल्या दिवशी या फोटोनंच सांगितलं असणार. मी अक्काकडं बघितलं. ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

तात्यांनी फ्रेम लांब धरली, जवळ धरली, धोतराच्या सोग्यानं काच पुसली. त्यांचे आतापर्यंतचे सगळे फोटो म्हणजे लग्नातले, ताठ उभे, डोळे वटारलेले. असं हसताना त्यांना कुणी बघितलं नव्हतं, त्यांनी स्वतःही नाही.

"कवा काढलात वो ह्यो, जावईबापू? मला कळलंबी न्हाय."

दाजी म्हणाले, "काढला एकदा, येता-जाता."

तात्यांनी फ्रेम बाजेवर टेकवून ठेवली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, टोमणा मारायलाही नाही. खरंच दुखल्यासारखं म्हणाले, "तू बी येवढा कॅमेरा घेतलास. रानोमाळ पाखरामागं हिंडतूस. बापाचा एक फोटू काढावा, आसं तुला कदी वाटलं न्हाय व्हय रं?"

दाजी चहाचा कप घेऊन माझ्याकडं बघत होते. अक्काही बघत होती.

"न्हाय, तात्या," मी म्हणालो. "न्हाय सुचलं."